शब्दांचे संस्कार

भाषा हे विचारांचे वस्त्र आहे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. उपमा सुरेख असली तरी ती पुरती खरी नाही. वस्त्र उतरविले तरी आतील मनुष्य तोच राहतो. भाषा बाजूला काढून आतला विचार जसाच्या तसा पाहता येईल, असे मात्र कोणासही म्हणता येणार नाही. त्यापेक्षा रानातल्या पायवाटेची उपमा अधिक जवळची वाटते. पायवाट कोणी आखून देत नाही. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पावलांनीच ती पडते. परंतु एकदा पडली, की पुढच्या वाटसरूची पावले आपोआप तिच्यावरून चालू लागतात. बाजूच्या गवतातून जाण्यास कोणाची मनाई नसते, तरी तिकडे कोणी वळत नाही. लोकांच्या राहणीतून शब्द पडतात, आणि मग ते शब्द पुढच्या पिढीच्या मनाला वाट दाखवितात. ती वाट विहिरीकडेच जाते असे नाही; केव्हा केव्हा ती कड्याकडेही जाते.

पंडितांच्या वादापेक्षा ही गोष्ट एखाद्या शहराच्या चरित्रात अधिक स्पष्ट दिसते. भोपाळ हे असे एक शहर आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या तत्त्वावर देशाचा नकाशा नव्याने आखला गेला. तोवर मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती, आणि त्या राज्याच्या कारभाराच्या भाषा हिंदी व मराठी अशा दोन होत्या. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली, आणि नागपूरच्या सचिवालयातील दप्तरांबरोबर पुष्कळ मराठी कारकून, अधिकारी व त्यांचे कुटुंबकबिले भोपाळास जाऊन राहिले. १८१२-१३ साली ज्या शहराला नागपूरकर भोसले व शिंदे ह्यांच्या फौजांनी महिनोन्महिने वेढा घातला होता, त्याच शहरात आता मराठी माणसे ट्रंका, पाटा-वरवंटा आणि तुळशीवृंदावने घेऊन उतरली. नव्या राजधानीत जी वसाहत उभी राहिली, तिला तात्या टोपे ह्यांचे नाव मिळाले. लोक मात्र तिला टी. टी. नगर म्हणतात.

ह्या मंडळींना हिंदी अपरिचित नव्हती. लिपी तीच, निम्म्याहून अधिक शब्दही तेच. परंतु अडचण नेमकी तेथेच होती. परक्या शब्दापाशी मनुष्य थांबतो, अर्थ विचारतो. ओळखीच्या शब्दापाशी तो थांबत नाही. 'शिक्षा' ही पाटी पाहून नव्याने आलेल्या मराठी मुलाने काय समजावे? हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड. संस्कृत मुळात शिकण्याचाच अर्थ आहे. मराठीत तो शब्द छडीच्या टोकाशी जाऊन बसला, ह्यावरून आपल्या जुन्या पंतोजींच्या पद्धतीविषयी काय अनुमान काढावे, ते वाचकांवरच सोडतो. आजही 'तुला चांगला धडा शिकवीन' असे आपण रागाच्या भरातच म्हणतो. त्याचप्रमाणे 'चेष्टा' म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. 'यातायात' म्हणजे तिकडे रहदारी, इकडे दगदग. 'प्रकृति' म्हणजे तिकडे निसर्ग, इकडे तब्येत. 'खाली' म्हणजे तिकडे रिकामे आणि इकडे तळाशी. ह्या शेवटच्या शब्दाकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

परंतु सर्वांत बोलका शब्द 'संसार' हा होय. हिंदीत संसार म्हणजे जग. मूळ संस्कृतात तो जन्ममरणाच्या फेऱ्याचा शब्द. मराठीत त्याने चूल, भांडी, लेकरे आणि कर्जाचा हप्ता एवढ्यांत आपले घर केले. मुलीचा संसार थाटून देतात, कोणाचा संसार मोडतो, पुरात एखाद्याचा संसार वाहून जातो. तत्त्ववेत्त्यांनी ज्याला सोडून जावे असे सांगितले, ते मराठी बाईने उचलून स्वयंपाकघरात ठेवले आणि नीटनेटके मांडले. हिंदी प्रवचनात 'संसार का मोह' असे शब्द आले, की हिंदी श्रोत्याच्या डोळ्यांपुढे बाजार, सत्ता, कीर्ती असे काहीसे उभे राहत असेल. मराठी गृहिणीच्या डोळ्यांपुढे मात्र तिचा चुलीजवळचा फडताळ उभा राहतो. प्रवचन एकच, वक्ता एकच. परंतु एकीला जगापासून दूर राहण्यास सांगितले गेले, आणि दुसरीला घरापासून. संस्कृतीने शब्द घडविला आणि त्या शब्दाने विचार वळविला, ह्याचे ह्याहून सोपे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता शब्दांच्या अर्थाहून अधिक खोल असलेल्या गोष्टीकडे वळू. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. ज्याच्याशी बोलतो त्याला वगळून 'आम्ही', त्याला धरून 'आपण'. लहान मूलसुद्धा ह्यात चुकत नाही. हिंदीत दोहोंसाठी एकच 'हम', आणि इंग्रजीतही तसेच. तेलुगूमध्ये मात्र 'मेमु' आणि 'मनमु' असा आपल्यासारखाच भेद आहे; दक्षिणेच्या भाषांच्या शेजारात शतकानुशतके राहून मराठीने तो घेतला असावा, असे भाषापंडित सांगतात. शेजाऱ्याकडून विरजण घ्यावे तसा हा भेद आपल्याकडे आला आणि आपल्याच दुधात लागला.

ह्या एका भेदाने आपल्या गावचा केवढा व्यवहार चालतो पहा. 'ही आमची विहीर' आणि 'ही आपली विहीर' ह्या दोन वाक्यांत एका शब्दाचा फरक. पण पहिल्याने दार बंद होते, दुसऱ्याने उघडते. किती तंटे 'आमची' ह्या शब्दाने पेटले, आणि किती एखाद्या वडीलधाऱ्याने शांतपणे 'आपली' म्हटल्याने विझले, ह्याचा हिशेब कोणत्याही कचेरीत सापडणार नाही. इगर्जीतही तेच. धर्मगुरू 'आपण पापी आहोत' असे म्हणाले, तर ते आपल्यात येऊन उभे राहिले. 'तुम्ही पापी आहात' म्हणाले, तर व्यासपीठावरच राहिले. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण पित्याला 'आमच्या' म्हणतो, 'आपल्या' म्हणत नाही, आणि म्हणूही शकत नाही. कारण ज्याला हाक मारावयाची तोच ऐकणारा आहे, आणि त्याच्यावर दुसरा पिता नाही. हिंदीतील 'हमारे' ह्या शब्दात हे सारे मुकेपणाने राहते. मराठी व्याकरण तेथे आपणहून धर्मशिक्षणाचा एक धडा देऊन जाते.

ह्यावरून हिंदी बोलणाऱ्याला आपपरभाव कळत नाही, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चुकीचा होईल. भोपाळ-इंदूरकडील बोलण्यात 'अपन' हा शब्द सर्रास ऐकू येतो. 'चलो, अपन चलते हैं' असे म्हणणारा ऐकणाऱ्याला बरोबर घेऊनच निघालेला असतो. जी गरज व्याकरणाच्या पुस्तकाने भागविली नाही, ती बोलीने भागविली. आणि काही बाबतीत हिंदीच आपल्यापेक्षा बारकाईने पाहते. वडिलांचा थोरला भाऊ तिकडे 'ताऊ' आणि धाकटा 'चाचा'. आपल्याकडे दोघेही काकाच. इंग्रजी शाळेत जाणारी मुले तर ताऊ, चाचा, मामा, फूफा, मौसा ह्या सर्वांना एकाच 'अंकल' शब्दात कोंबतात. मामाच्या गावाला जाण्यात जी मौज होती, ती अंकलच्या गावाला जाण्यात कशी यावी?

भोपाळला भाषेची अशी स्थित्यंतरे नवी नाहीत. अफगाण सरदार दोस्त महंमद खान ह्याने अठराव्या शतकात हे राज्य स्थापिले. पुढे एकामागून एक चार बेगमांनी ते चालविले. त्यांतील सिकंदर बेगम हिच्या कारकिर्दीत दरबाराच्या कामकाजातून फारसी गेली आणि उर्दू आली. वरवर पाहता ही दप्तरातील एक किरकोळ सुधारणा होती. परंतु फारसी ही मुनशींची भाषा. अर्ज करणाऱ्याला स्वतःच्या अर्जात काय लिहिले आहे, हे मुनशीच्या तोंडूनच कळावयाचे. उर्दू वाचून दाखविली तर ती त्याच्या कानाला ओळखीची. आपले गाऱ्हाणे आपल्या कानांनी ऐकता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

ह्याच दरबारात एक कॅथलिक घराणे मानाने नांदले. बूर्बाँ हे त्यांचे फ्रेंच आडनाव. आपला मूळ पुरुष सम्राट अकबराच्या काळी ह्या देशात आला, असे ते घराणे सांगत आले आहे. त्यांतील बाल्थझार बूर्बाँ हे भोपाळच्या मंत्रिपदापर्यंत पोचले, आणि लोक त्यांना 'शहजाद मसीह' म्हणत. त्यांच्या पत्नी इझाबेला ह्यांनी जहांगीराबादेत असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांच्या नावाने मंदिर उभारण्यास आश्रय दिला. नाव फ्रेंच, पोशाख दरबारी, बोली उर्दू आणि धर्म आपला. 'मसीह' हा शब्द अरबीतून आला, आपला 'ख्रिस्त' ग्रीकातून. अर्थ एकच, अभिषिक्त. तरीही 'मसीह' म्हटले की उत्तरेकडील गल्ल्या आठवतात, आणि 'ख्रिस्त' म्हटले की कोकणातील क्रूस. हिंदीतील 'गिरजा' आणि आपली 'इगर्जी' ह्या दोघी तर एकाच पोर्तुगीज आईच्या लेकी आहेत. एक उत्तरेत दिली, एक वसई-गोव्यात राहिली.

आपल्याकडे फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली राशोलच्या छापखान्यातून 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले. जन्माने इंग्रज असलेल्या ह्या जेझुइटाने ओवी हे वृत्त घेतले, आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा लोकांच्या तोंडी असलेला शब्द वापरण्यास तो कचरला नाही. शब्दाबरोबर जुना अर्थही घरात येईल, हा धोका त्याला दिसत नव्हता असे नाही; परंतु अनोळखी शब्द दाराबाहेरच राहील, हा धोका त्याला अधिक मोठा वाटला असावा. पुढे साडेतीनशे वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, व्हॅटिकन महासभेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. त्याच वर्षी भोपाळचा महाधर्मप्रांत स्थापन झाला. त्याचे पहिले महागुरू युजीन डिसोझा हेही नागपूरहूनच भोपाळास गेले; सचिवालयातील कारकुनांप्रमाणे!

इथपर्यंतची उदाहरणे मनोरंजक म्हणून सोडून देता येतील. शब्दाची पायवाट कड्याकडे गेल्याचे उदाहरणही ह्याच शहरात आहे, आणि ते समजण्यासाठी आधी एका अमेरिकन गृहस्थाची ओळख करून घेतली पाहिजे.

बेंजामिन ली वोर्फ हे त्याचे नाव. भाषा विचाराला वळण लावते, हा सिद्धान्त ज्याच्या नावाशी जोडला जातो, तो हा मनुष्य पेशाने प्राध्यापक नव्हता. हार्टफर्ड येथील एका आगविमा कंपनीत तो नोकरीस होता. आगी कशा लागल्या, ह्याचे अहवाल वाचणे हे त्याचे काम. त्याला असे आढळले, की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागतात, पण 'रिकाम्या' पिंपांजवळ बेफिकिरीने विडी-सिगारेट ओढतात. वस्तुतः रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ साचलेली असते, आणि ठिणगी पडल्यास ते भरलेल्या पिंपाहून अधिक धोकादायक. पिंप रिकामे नव्हते. शब्द रिकामा होता. हिंदी कामगाराने त्यालाच 'खाली' म्हटले असते, आणि तोही तितकाच निर्धास्त राहिला असता. १९४१ साली वोर्फ निवर्तला. होपी नावाच्या आदिवासी लोकांच्या भाषेत काळ दाखविणारे शब्दच नाहीत, असे जे त्याने लिहून ठेवले, ते १९८३ साली मालोत्की ह्या अभ्यासकाने शेकडो उदाहरणे देऊन खोडून काढले. सिद्धान्त ताणला की तुटतो, तसे ते झाले. पण पिंपांची गोष्ट तुटलेली नाही.

आता भोपाळ. शहराच्या उत्तरेस १९६९ साली युनियन कार्बाइड कंपनीचा कारखाना सुरू झाला. तेथे पिकांवरील किडी मारण्याचे द्रव्य तयार होत असे. १९८० पासून त्यासाठी लागणारा मिथिल आयसोसायनेट हा अतिजहाल विषारी पदार्थही तेथेच बनू लागला आणि टाक्यांत साठविला जाऊ लागला. यंत्रे कशी चालवावीत आणि संकटप्रसंगी काय करावे, ह्याची पुस्तके इंग्रजीत होती. ती हाताळणाऱ्या कामगारांपैकी अनेकांना इंग्रजी बेताचीच येत होती. कारखान्याच्या भिंतीबाहेर जयप्रकाश नगरसारख्या गरिबांच्या वस्त्या होत्या. आत काय बनते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांतील अनेकांची समजूत अशी होती, की तेथे शेतीची 'दवा' होते. दवा, म्हणजे औषध. औषधाच्या कारखान्याची भीती कोणाला वाटेल?

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आतील रसायन तापून उकळू लागले, आणि मध्यरात्रीनंतर सुमारे चाळीस टन विषारी वायू शहरावर पसरला. जे जागे झाले, त्यांतील कित्येकांना प्रथम वाटले की कोणी मिरच्या जाळीत आहे. आपल्याकडेही दृष्ट काढताना मिरच्या चुलीत टाकतात. ठसका लागला म्हणजे मनाला तेच सुचणार. ज्या संकटाला नाव नव्हते, त्याला स्वयंपाकघरातले नाव मिळाले, आणि मोलाचे काही क्षण त्या नावाने खाल्ले. तोंडावर ओला कपडा धरावा, एवढी साधी गोष्ट वेळीच समजली असती तर कित्येकांचा त्रास कमी झाला असता. ती सांगणारे वाक्य त्यांच्या भाषेत, त्यांच्या वस्तीत, त्या रात्रीपूर्वी कधी उच्चारलेच गेले नव्हते. लोक घराबाहेर पडून धावत सुटले, आणि धावताना श्वासाबरोबर ते विष अधिकच आत गेले. राज्य सरकारने पुढे ३,७८७ मृत्यूंची नोंद मान्य केली. पीडितांच्या संघटना खरा आकडा कितीतरी पट मोठा मानतात.

कारखान्यातील बंद पडलेली सुरक्षायंत्रणा, खर्चातील काटकसर, देखरेखीतील ढिलाई ही त्या अनर्थाची प्रमुख कारणे आहेत. सर्व दोष शब्दांच्या माथी मारणे म्हणजे माणसांना मोकळे सोडणे होईल. परंतु 'दवा' हा शब्द त्या भिंतीवर पांढऱ्या चुन्यासारखा चढविलेला होता, आणि भिंतीमागे काय आहे हे विचारावयास कोणाची जीभ वळली नाही, हेही तितकेच खरे.

नंतरची लढाईही पुष्कळशी शब्दांचीच होती. जे झाले त्याला काय म्हणावे? 'दुर्घटना' म्हटले तर ती घडली, कोणी केली नाही. 'कांड' म्हटले तर त्याला कर्ता आला. सरकारी पाटीवर 'त्रासदी' हा शब्द बसला. तो नाटकाच्या जगातून आलेला, आणि त्यात दैवाची छाया अधिक. न्यायालयात तर शब्दांवर वर्षे मोजली गेली. आरोपींवर प्रथम सदोष मनुष्यवधाचा आरोप होता, ज्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सप्टेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदलून निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्याचा ठरविला, ज्याची सीमा तेव्हा दोन वर्षे होती. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा भारतीय अधिकाऱ्यांना ती दोनच वर्षे मिळाली. मोटारीखाली माणूस चिरडला गेला तर जे कलम तेव्हा लागत असे, तेच येथे लागले. मृत तेच, पुरावा तोच, शब्द निराळा.

जगले त्यांचे पुढे काय झाले, ह्याचाही शब्दाशी संबंध आहे. उत्तरेकडील रुग्ण डॉक्टरांना सांगतो, 'घबराहट होती है.' आपल्याकडील बाई सांगते, 'जीव घाबरा होतो.' ह्यात छातीची धडधड आहे, श्वास अपुरा पडणे आहे, भय आहे, आणि हे सारे एकदमच आहे. इंग्रजीत शिकलेल्या डॉक्टरांना कागदावर ह्यांतील एकच काहीतरी लिहावे लागते. धडधड लिहिली तर हृदयाची तपासणी, धाप लिहिली तर फुफ्फुसाची. भय लिहिले तर 'काही नाही, मनाचा खेळ आहे' म्हणून बोळवण. रुग्णाने एकच शब्द उच्चारला. तो कोणत्या रकान्यात पडावा, हे दुसऱ्या भाषेने ठरविले.

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी ह्याच भोपाळात वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची तीन हिंदी पाठ्यपुस्तके केंद्रीय गृहमंत्री अमित शहा ह्यांच्या हस्ते प्रकाशित झाली: शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. त्यांत शास्त्रीय शब्द बहुधा इंग्रजीच ठेवून केवळ देवनागरीत लिहिले आहेत, म्हणून पुष्कळांनी थट्टा केली. मला ती थट्टा पटत नाही. एके काळी नागपुरात डॉ. रघुवीर ह्यांनी ह्याच्या उलट प्रयोग केला होता. इंग्रजी शब्दागणिक संस्कृत धातूंतून नवे शब्द घडवून त्यांनी मोठे कोश सिद्ध केले. त्यांतील काही आज कचेऱ्यांत रुळले आहेत, आणि काही केवळ विनोदापुरते उरले आहेत. हाडाचे नाव लॅटिन असले काय किंवा संस्कृत असले काय, खेड्यातून आलेल्या मुलाला ते पाठच करावे लागणार. पण ते हाड कोठे असते, काय करते, मोडल्यास काय होते, हे सांगणारी वाक्ये तो ज्या भाषेत भांडतो आणि रडतो त्या भाषेत असतील, तर त्याची बुद्धी मोकळेपणाने चालेल. मात्र त्या पुस्तकांतून शिकलेला डॉक्टर 'घबराहट' हा शब्द थांबून ऐकेल काय, ही खरी परीक्षा; ती पुस्तकाच्या प्रकाशनसमारंभात होत नाही.

वाचक बंधुभगिनींनो, भोपाळ आपणास दूर वाटत असेल. परंतु आपण आपल्या शेतात काय म्हणतो? भातावर करपा आला, वांग्यावर अळी पडली, म्हणजे आपण 'औषध मारतो'. दुकानदाराकडे औषधच मागतो. ते घरी आणून पुष्कळदा त्याच फळीवर ठेवतो, जेथे खोकल्याची बाटली असते. वर्तमानपत्रे तर नित्य 'विषारी औषध प्राशन केले' असे छापतात, आणि विषारी हा शब्द औषधाला कसा चिकटला, ह्याचे नवल कोणासही वाटत नाही. २०१७ सालच्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि सुमारे वीस जण दगावले. तोंडाला फडके नाही, हातमोजे नाहीत, पाठीवर पंप, आणि वाऱ्याने उलट येणारा फवारा अंगावर. विष फवारावयास निघालेला मनुष्य असा उघडा निघाला असता काय? तो औषध फवारावयास निघाला होता. हातमोजे महाग असतात, उकाड्यात अंगभर कपडे सोसवत नाहीत, मालकाला घाई असते, हे सारे मान्य. तरीही औषधाने अपाय होतो असे मन सहसा मानीत नाही. थोडे अंगावर पडले तर पडले, असेच ते म्हणते.

अशा प्रत्येक डब्यावर कायद्याने एक चौकोनी चिन्ह असते, टोकावर उभा केलेला चौकोन. त्याचा खालचा अर्धा भाग तांबडा असेल तर विष अतिजहाल, पिवळा असेल तर जहाल, निळा त्याहून कमी आणि हिरवा सर्वांत सौम्य. तांबड्या चिन्हावर कवटी व हाडे असतात, आणि विष असल्याचा शब्द मोठ्या अक्षरांत बहुधा इंग्रजीतच असतो. डब्याबरोबर घडी घातलेले एक माहितीपत्रकही मिळते. त्यावर अनेक भाषांत मजकूर असतो, मराठीतही असतो. परंतु इतक्या भाषा एका कागदावर बसवावयाच्या म्हणून अक्षरे मुंगीएवढी असतात, आणि त्यांतील शब्द असे की शाळामास्तरांनाही अडखळावे लागावे. सकाळच्या घाईत ते पत्रक बांधावर पडते आणि वाऱ्याने उडून जाते. संध्याकाळी घरी कोणी विचारले, की आज दिवसभर काय केले, तर पंप ओट्यावर ठेवता ठेवता धनी उत्तर देतो, 'औषध मारले.'